विश्वासाचा नकाशा कोणाच्या कपाटात?

मोठ्या कंपन्यांतून नोकरी करणाऱ्या तरुण मंडळींच्या संगणकावर अधूनमधून एक प्रश्नावली येऊन पडते. पगाराबद्दल समाधानी आहात का, कँटीनचे जेवण कसे आहे, वरिष्ठ तुमचे ऐकून घेतात का, असल्या ठरावीक प्रश्नांची ती नसते. तिच्यातले प्रश्न साधे, जवळजवळ घरगुती असतात. कामात अडलात तर तुम्ही कोणाकडे जाता? तुमच्याकडे विचारायला कोण येते? साहेबांपुढे मांडण्याआधी एखादी कल्पना कोणाला सांगून पाहता? मनातली धास्ती कोणाजवळ बोलून दाखवता? प्रत्येक प्रश्नापुढे सहकाऱ्यांची नावे असतात, त्यांवर खूण करायची. दहा-पंधरा मिनिटांचे काम, चहाच्या सुट्टीत उरकण्यासारखे.

एकट्या माणसाच्या उत्तराला फारसा अर्थ नसतो. पण दोनशे-तीनशे माणसांची उत्तरे एकत्र केली, प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका आणि त्याने घेतलेले प्रत्येक नाव म्हणजे एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडे जाणारी रेघ असे धरले, की रांगोळीसारखी एक आकृती उमटते. काही ठिपक्यांत पंचवीस-तीस रेघा येऊन मिळतात. काहींच्या वाट्याला एकही येत नाही. दोन खात्यांचे दोन पुंजके दिसतात आणि त्यांना सांधणारा एखादाच ठिपका मध्ये लोंबकळत असतो. व्यवस्थापनशास्त्रात या प्रकाराला ‘ऑर्गनायझेशनल नेटवर्क अ‍ॅनालिसिस’ असे भारदस्त नाव आहे. आपण त्याला कामाच्या जागेवरील नात्यांचा नकाशा म्हणू.

हा नकाशा उपयोगाचा असतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो तयार झाल्यावर कोणाच्या कपाटात जातो, हा खरा प्रश्न आहे. आणि आपल्याकडे तो अजून कोणी फारसा विचारताना दिसत नाही.

खुर्चीमागचा तक्ता

बँकेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला या नकाशाचे नवल वाटू नये. शाखेचा अधिकृत तक्ता सरळ असे. शाखाधिकारी, त्याखाली अकाउंटंट, मग इतर अधिकारी, हेड कॅशियर, कारकून, दफ्तरी, शिपाई. परिपत्रके या शिडीवरून खाली उतरत आणि विवरणपत्रे वर चढत. पण महिनाअखेरीला सेव्हिंग्जच्या लेजरांची बेरीज जनरल लेजरशी जुळत नसली, रात्रीचे नऊ वाजत आले आणि फरक ३६ रुपयांवर अडून बसला, की शिडीकडे कोणी पाहत नसे. फरकाला नऊने पूर्ण भाग जातो, त्या अर्थी कुठेतरी ५१ चे १५ झालेले असणार, हे ज्याला बघताक्षणी उमगे त्याच्या टेबलाकडे सगळे वळत. पदाने तो बहुधा कारकूनच असे. बदली नको म्हणून बढती नाकारून गाव धरून बसलेला. कोणत्या सालची व्हाउचरे माळ्यावर कोणत्या गठ्ठ्यात आहेत हे दफ्तरीला ठाऊक असे. कोणता खातेदार आवाज चढवतो पण हप्ता चुकवत नाही, हे शिपाई सांगे. बदलून आलेला साहेब शहाणा असला तर पंधरा दिवसांत या माणसांना ओळखे. नसला तर वर्षभर परिपत्रके वाचत बसे आणि शाखा मात्र चालू राही.

तक्त्याआडची ही दुसरी कचेरी शास्त्रज्ञांच्या नजरेला पडली ती शंभर वर्षांपूर्वी. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा टेलिफोन सामग्रीचा अवाढव्य कारखाना होता. तेथे १९२४ ते १९३२ या काळात कामगारांवर अनेक प्रयोग झाले. त्यांतल्या शेवटच्या प्रयोगात १९३१ च्या अखेरीपासून सहा-साडेसहा महिने १४ कामगारांना एका वेगळ्या खोलीत बसवून एक निरीक्षक त्यांच्याकडे केवळ पाहत राहिला. या खोलीला ‘बँक वायरिंग रूम’ म्हणत. ही ‘बँक’ म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधल्या तारा जोडण्याच्या टोकांची ओळ, आमच्या धंद्याशी तिचा संबंध नाही. त्या १४ जणांत दोन कंपू असल्याचे निरीक्षकाला दिसले, एक खोलीच्या पुढच्या भागात आणि एक मागच्या. दिवसाला किती काम करायचे हे कंपनीने नव्हे, त्यांनी आपसात ठरवलेले होते. जास्त काम करणाऱ्याला दंडावर गुद्दा बसे, कमी करणाऱ्यालाही टोमणे खावे लागत, आणि साहेबांकडे चुगली करणे हे सर्वांत मोठे पाप होते. कोण कोणाला हात देतो, कोणाचे कोणाशी जमत नाही, याच्या आकृत्या संशोधकांनी काढल्या आणि १९३९ साली ग्रंथरूपाने छापल्या.

त्याच सुमारास जेकब मोरेनो नावाचा व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेला एक मनोवैद्य न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावी मुलींच्या सुधारगृहात काम करीत होता. १९३२ च्या शरद ऋतूत त्या संस्थेतून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. एरवीच्या मानाने हा आकडा फारच मोठा होता. प्रत्येकीचा स्वभाव, घरची परिस्थिती, झालेली शिक्षा यांत कारण शोधण्याऐवजी मोरेनोने मुलींमधल्या नात्यांचा नकाशा पाहिला. पळून जाण्याची कल्पना रोगाच्या साथीसारखी त्या नात्यांच्या वाटेने एकीकडून दुसरीकडे गेली होती, असे त्याचे म्हणणे. आजच्या प्रश्नावलीचे मूळ मोरेनोच्या याच कामात आहे, कारण हॉथॉर्नमध्ये केवळ पाहिले गेले होते. हडसनमध्ये विचारले गेले. तुला कोणाबरोबर राहायला आवडेल, असा मुलींना प्रश्न होता.

मोरेनोचा एक आग्रह आज सोयीस्करपणे विसरला जातो. नुसत्या कुतूहलापोटी असले प्रश्न विचारू नयेत, असे त्याचे मत होते. कोणाबरोबर राहायला आवडेल असे विचारले, तर त्या उत्तराप्रमाणे राहण्याची व्यवस्था करण्याची तयारी हवी. उत्तराचा लाभ उत्तर देणाऱ्याला मिळाला पाहिजे.

आपल्याच देशात याला जवळचे असे एक उदाहरण घडले. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन वाढेना, तेव्हा १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे आले. एका शेडमध्ये प्रत्येक कामगाराला कामाचा एकेक तुकडा वाटून दिलेला होता आणि कोणाचा कोणाशी पायपोस नव्हता. ठरावीक मागांची जबाबदारी एका ठरावीक गटावर सोपवावी, असे राइस यांनी सुचवले. गटात कोणी कोणाबरोबर जायचे, ते कामगारांनी आणि मुकादमांनी आपसात निवड करून ठरवले. सुरुवातीची गडबड ओसरल्यावर उत्पादन वाढले आणि कापडाची खराबी कमी झाली. येथे प्रश्नावली नव्हती, ठिपके आणि रेघाही नव्हत्या. पण माणसांना आपसात निवड करू दिली, आणि त्या निवडीप्रमाणे काम उभे राहिले.

सल्ला एकाचा, भरवसा दुसऱ्याचा

कंपन्यांच्या वर्तुळात या नकाशाचा बोलबाला झाला तो १९९३ नंतर. त्या वर्षी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये डेव्हिड क्रॅकहार्ट आणि जेफ्री हॅन्सन यांचा एक लेख आला. एका कंपनीत एकच जाळे नसते, निदान तीन असतात, असे त्यांनी दाखवले. कामाचा सल्ला कोणाला विचारला जातो, हे एक. भरवसा कोणावर आहे, हे दुसरे. कामाच्या गोष्टी नेहमी कोणाशी बोलल्या जातात, हे तिसरे. ही तिन्ही जाळी एकमेकांवर ठेवली तर जुळतीलच असे नाही.

त्यांनी दिलेले एक उदाहरण बोलके आहे. एका संगणक कंपनीच्या प्रमुखाने कंपनीचे धोरण ठरवण्यासाठी निरनिराळ्या खात्यांतल्या लोकांची समिती नेमली आणि एका हुशार, अनुभवी तज्ज्ञाला तिचे प्रमुखपद दिले. समिती जागची हलेना. नकाशा काढल्यावर दिसले की तांत्रिक सल्ल्यासाठी सगळे त्याच्याकडे जात होते, पण भरवशाच्या जाळ्यात तो जवळजवळ एकटा होता. ज्या कामात प्रत्येक खात्याला आपले काहीतरी सोडायचे होते, तिथे हुशारी पुरेशी नव्हती. प्रमुखाने त्या तज्ज्ञाला काढले नाही. लोकांचा ज्याच्यावर भरवसा होता असा दुसरा माणूस त्याच्या जोडीला दिला आणि काम पुढे सरकले. नकाशाचा सुज्ञपणे केलेला उपयोग तो असा.

आपल्या सरकारी बँकांना असा नकाशा दोन वेळा तरी हाताशी हवा होता. २०००-०१ साली स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि लाखाच्या घरात कर्मचारी बाहेर पडले. किती गेले, किती वेतनखर्च वाचणार, याचे हिशेब चोख झाले. त्यांच्याबरोबर कोणत्या रेघा तुटल्या, याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. शाखांत संगणक येत होते, जुनी लेजरे कपाटात जात होती, आणि नेमक्या त्याच वेळी लेजरांतले जे लेजरांत लिहिलेले नव्हते ते जाणणारी माणसे हार-तुरे घेऊन घरी निघाली. पुढे १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. पाट्या बदलतात, तक्ता एका परिपत्रकाने एक होतो. पण अडल्यावर फोन जातो तो जुन्या बँकेतल्या ओळखीच्या माणसालाच. दोन संस्थांच्या मध्ये लोंबकळणारे जे मोजके ठिपके असतात, ते कोण हे आधी कळले तर निदान त्यांची बदली तरी रत्नागिरीहून गुवाहाटीला होणार नाही.

आणखी एक लाभ सांगायला हवा, कारण तो खालच्या माणसाचा आहे. रॉब क्रॉस, रेब रेबेल आणि अ‍ॅडम ग्रँट यांनी २०१६ साली लिहिले की कंपनीतल्या खरोखर उपयोगी पडणाऱ्या सहकार्यापैकी २० ते ३५ टक्के सहकार्य केवळ ३ ते ५ टक्के कर्मचाऱ्यांकडून येते. ज्याच्याकडे सगळे येतात त्याचा दिवस दुसऱ्यांच्या अडचणी सोडवण्यात जातो, स्वतःचे काम रात्री घरी जाते, आणि वर्षाच्या अखेरीला गोपनीय अहवालात त्याच्या नावापुढे ‘काम संथ’ असा शेरा पडतो. शाखेतल्या त्या कारकुनाच्या सेवापुस्तिकेत नऊने भाग जाण्याची नोंद कुठेही नसते. नकाशाने अशा माणसाचे अदृश्य काम दृश्य केले, त्याच्यावरचा भार वाटून दिला, तर ते न्यायाचेच होईल.

उत्तर देणाऱ्याची भीती

आता दुसरी बाजू. हा नकाशा माणसांना विचारून काढला जातो आणि माणसांची आठवण फसवी असते. १९८४ साली बर्नार्ड, किलवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. लोक कोणाशी बोललो म्हणून सांगतात आणि प्रत्यक्षात कोणाशी बोललेले असतात, हे ताडून पाहिले तर सांगण्यातला जवळजवळ निम्मा भाग कुठे ना कुठे चुकीचा निघतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या अभ्यासकांनी याला एक चांगली पुरवणी जोडली. कालच्या बैठकीला कोण होते हे माणूस चुकतो, पण नेहमी कोण असते हे बहुतेक बरोबर सांगतो. म्हणजे उत्तरे निरुपयोगी नसतात. पण त्यांवर कोणाची बढती किंवा बदली ठरवावी इतकी ती पक्कीही नसतात.

आठवणीपेक्षा भीतीचा दोष मोठा. मतदानाची चिठ्ठी निनावी असते, ही प्रश्नावली असू शकत नाही. कोणी कोणाचे नाव घेतले हेच तर तिला हवे असते. उत्तर देणारा विचार करतो: मोठ्या साहेबांचे नाव घेतले नाही तर बरे दिसेल का? युनियनच्या माणसाशी आपण रोज बोलतो, ते लिहावे का? त्यामुळे उत्तरावर आधी शिष्टाचाराची आणि मग सावधगिरीची पुटे चढतात. ‘आम्हाला फक्त एकंदर चित्र पाहायचे आहे’ असे आश्वासन प्रश्नावलीच्या माथ्यावर असते. पण बारा माणसांच्या खात्यात ‘एकंदर चित्र’ म्हणजे बारा चेहरेच.

आपल्याकडे यात एक गाठ जास्तीची आहे. दुपारच्या सुट्टीत डबा कोण कोणाबरोबर उघडतो, याला आपल्या कचेऱ्यांत अर्थ असतो. आडनाव, बोली, गाव, शाकाहार-मांसाहार यांच्या रेघा त्या टेबलांवर दिसतात. संध्याकाळी सातनंतर टपरीवर चहा घेताना ज्या गोष्टी ठरतात, त्या पाच-पन्नासची लोकल गाठणाऱ्या बाईंच्या कानी दुसऱ्या दिवशीही पडत नाहीत. मग नकाशात त्यांचा ठिपका कडेला दिसतो आणि सल्लागार त्यावर शेरा मारतो: ‘संपर्क वाढवण्याची गरज.’ आखणीच सदोष असली तर नकाशा तो दोष इमानाने दाखवतो. पण वाचणारा तो दोष त्या बाईंचा समजतो.

नकाशा आणि युनियन

या सगळ्यात खरे पणाला काय लागलेले असते, हे समजून घ्यायला क्रॅकहार्ट यांनीच १९९२ साली लिहिलेली आणखी एक हकीकत पुरेशी आहे. नाव बदलून सांगितलेल्या एका छोट्या संगणक कंपनीत कामगारांची युनियन व्हावी म्हणून प्रयत्न चालले होते. युनियनवाल्यांनी जो माणूस हाताशी धरला तो उत्साही होता, पण मैत्रीच्या जाळ्यात कडेला होता. ज्याच्या भोवती सर्वांत जास्त मैत्र्या होत्या तो माणूस वेगळाच. त्याच्या मनाची ओढाताण चालली होती, आणि त्याच्याशी नीट बोलायला कोणी गेले नाही. प्रत्यक्ष मतदान झाले तेव्हा तो कामावरही नव्हता. युनियन हरली.

क्रॅकहार्ट यांच्या हाती मैत्रीचा नकाशा होता म्हणून त्यांना हे कळले. युनियनकडे तो असता तर ती योग्य माणसाशी बोलली असती. आणि व्यवस्थापनाकडे असता तर? नेमके कोणाला बढती देऊन दूरच्या शाखेत धाडायचे, कोणाच्या मागे चौकशी लावायची, कोणाला वेतनवाढ देऊन आपलासा करायचा, हे त्याला तारीख-वारासह ठरवता आले असते. बदली हे आमच्या काळी सर्वांत मऊ हत्यार होते. त्याला शिक्षा म्हणता येत नसे. नको असलेला माणूस पूर्वी चहाड्या ऐकून हुडकावा लागे. आता त्याच्या मित्रांनीच, विश्वासाने, चहाच्या सुट्टीत, त्याच्या नावापुढे खूण करून दिलेली असते.

यावर कोणी म्हणेल की विचारण्याचीही गरज आता उरलेली नाही. कोण कोणाला ई-मेल करतो, कोणाच्या बैठकीत कोण बसतो, हे संगणकाला आपोआप कळते. खरे आहे. २०२० साली मायक्रोसॉफ्टने कर्मचाऱ्यांच्या कामाचे नावानिशी मोजमाप दाखवणारी सोय कंपन्यांना देऊ केली, तेव्हा इतकी टीका झाली की काही दिवसांतच त्यातली नावे काढावी लागली. म्हणून मला प्रश्नावली उलट बरी वाटते. ती निदान दारावर टकटक करते. संगणक टपाल मोजतो, पण टपाल म्हणजे भरवसा नव्हे. ज्याच्याशी भांडण त्यालाच सर्वांत जास्त पत्रे जातात, हे वसुली खात्यात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते.

मग करायचे काय? या विषयातले अभ्यासक स्टीफन बोर्गाटी आणि होसे लुइस मोलिना यांनी २००३ साली एका अडचणीकडे बोट दाखवले. साध्या पाहणीत उत्तर न देणारा माणूस पाहणीच्या बाहेर राहतो. इथे तसे होत नाही. मी उत्तर दिले नाही तरी दुसऱ्यांनी माझे नाव घेतलेले असतेच. म्हणजे माझा नकार नकाशाला मान्य नसतो. याचा अर्थ एवढाच की एकेकट्याची संमती घेऊन भागणार नाही. अटी सर्वांसाठी आणि आधी ठरल्या पाहिजेत. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या प्रयोजनासाठी मालकाला वेगळ्या संमतीवाचून कर्मचाऱ्याची माहिती वापरण्याची वाट ठेवलेली आहे. तेव्हा सगळा भार कायद्यावर टाकून स्वस्थ बसणे परवडणार नाही.

अटी अवघड नाहीत. नकाशा कशासाठी हवा, हे प्रश्न विचारण्याआधी लेखी सांगावे: विलीनीकरणासाठी, निवृत्त होणाऱ्यांचे ज्ञान टिकवण्यासाठी, की भार वाटून देण्यासाठी. बढती, बदली, कपात आणि गोपनीय अहवाल यांत त्याचा वापर होणार नाही, असे त्यातच लिहावे. मूळ उत्तरे कंपनीच्या हाती न जाता बाहेरच्या अभ्यासकाकडे राहावीत. ज्याला नकाशातून वगळायचे असेल त्याचा ठिपका पुसावा. भरवशाचे आणि मैत्रीचे प्रश्न शक्यतो विचारूच नयेत. बहुतेक कामांना सल्ल्याचे प्रश्न पुरतात. आणि तयार झालेला नकाशा, नावे झाकून का होईना, ज्यांनी तो उत्तरे देऊन काढला त्यांच्यापुढे साहेबांच्या आधी ठेवावा. आपण कोणत्या कोपऱ्यात आहोत, आपल्या खात्याचे सगळे दोर एकाच माणसाच्या गळ्यात आहेत का, हे त्यांना दिसले तर निम्मे उपाय ते स्वतःच करतील. अहमदाबादच्या विणकरांनी केलेच होते.

कर्मचारी संघटनांनीही ‘प्रश्नावलीवर बहिष्कार’ एवढ्यावर थांबू नये. पगार, बोनस, बदलीचे धोरण यांच्या वाटाघाटी होतात, तशा या नकाशाच्याही व्हाव्यात. पुढच्या करारात त्यावर एक कलम मागावे. ते मिळेपर्यंत मात्र, उद्या सकाळी तुमच्या संगणकावर ती प्रश्नावली आली, तर पहिल्या नावापुढे खूण करण्याआधी वरच्या साहेबांना एकच प्रश्न लेखी विचारा: हा नकाशा तयार झाल्यावर आम्हाला कधी दाखवणार? त्याचे उत्तर तारखेनिशी आले तर खुशाल भरा.